शेवटी आरडाओरडा

गुलाबमामांचा फोन आला तेव्हा हर्षा चहा पीत होती आणि स्वतःवर भलतीच खूश होती. कारणही तसंच होतं. केशवराव गुरुजींच्या वेबसाइटचा जो काही उकिरडा झाला होता, तो तिनं उन्हाळाभर खपून निस्तरला होता. आता कुणीही मोबाईलवर 'रोवण्याची गाणी' असं शोधलं की पहिल्याच पानावर ती वेबसाइट येत होती. आधी ती खताच्या जाहिराती आणि हवामानाच्या बातम्या ओलांडून शोधावी लागायची. गुरुजींचा मुलगा धर्मेंद्र नागपूरला असतो, त्याला हर्षानं कालच त्या पानाचा फोटो काढून पाठवला होता.

मामा साकोली तालुक्यात, एकोडीला राहायचे. स्वतःहून फोन करणाऱ्यातले ते नव्हेत. ख्यालीखुशाली विचारून झाली आणि मग म्हणाले, "हर्षा, माह्या मोबाईलले काय झालं पाहाय ना. तुह्या मामीचं गाणं लागूनच नाही राहिलं. बोट दाबलं का पांढरं पान येते."

पानावर काही लिहिलंय का, असं तिनं विचारलं. मामांनी चष्मा शोधला आणि सावकाश वाचून दाखवलं. "पान सापडले नाही, असं लिहून हाये. पंधरा दिवस झाले. रिचार्ज संपला असन म्हून परवा तोही मारून पाहिला."

हर्षानं कप खाली ठेवला. मामीचं गाणं त्या वेबसाइटवर आहे हेच तिला माहीत नव्हतं. कुठलं गाणं, असं तिनं जपून विचारलं. मामा म्हणाले की भैय्यालाल पाटलाच्या बांधीतलं, म्हणजे धानाच्या शेतातलं. मामी गेल्यावर संघपालनं शोधून मोबाईलवर लावून दिलं होतं, नुसतं बोट दाबायचं. संघपाल म्हणजे मामांचा मुलगा. आणि मग हर्षानं ते केलं जे अडकलेली माणसं करतात. तिनं थाप मारली. वेबसाइटचं काम चालू आहे मामा, दोन दिवसांत लागेल, म्हणाली. मामांनी तिला कामाच्या मधात त्रास दिल्याबद्दल वाईट वाटून घेतलं आणि फोन ठेवला.

आता हे गाणं गेलं कुठे ते सांगायचं तर आधी गुरुजींचं सांगावं लागेल. केशवराव पवनीच्या जुन्या कोष्टी घरातले. माग त्यांच्या वडिलांबरोबर संपला, आणि हे शाळामास्तर झाले. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी यांची बदली साकोली तालुक्यात झाली आणि तिथे त्यांना वेड लागलं. रोवणा सुरू झाला की हा माणूस छत्री आणि टेपरेकॉर्डर घेऊन धुऱ्याधुऱ्यानं, बांधाबांधानं फिरायचा. खाली चिखलात बाया ओळीनं वाकून धान रोवताहेत, एक बाई गाणं सांगते, बाकीच्या ओढतात, आणि हे वर उभे, अर्धे भिजलेले. असं त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं आणि नंतरही केलं. बाया त्यांना टेपवाले गुरुजी म्हणायच्या आणि पाठीमागे हसायच्या.

शेतात उभं राहायचं तर मालकाची परवानगी हवी. म्हणून गुरुजी कॅसेटवर मालकाचंच नाव लिहायचे. धर्मेंद्रनं वेबसाइट काढली तेव्हा तीच नावं चढवली. अमक्या पाटलाची बांधी, तमक्या सावकाराची बांधी, गावाचं नाव, बस. शेकडो पानं, सगळी एकाखाली एक, ना दार ना खिडकी. बोटानं वर सरकवत गेलं तर बोट दुखेल पण यादी संपणार नाही. बाहेरच्या कुणाला गाणं ऐकायचं असेल तर त्यानं कुठल्या पाटलाच्या शेतात शिरावं?

हर्षाला पसारा पाहून राग येतोच, पण या पसाऱ्याचा जरा जास्तच आला. तिची आई मंगलाबाई जन्मभर लोकांच्या बांधीत रोवत आली. गायल्या आमच्या बाया, कंबर मोडली आमच्या बायांची, पाण्यात पाय कुजले आमच्या बायांचे, आणि पानावर नाव कुणाचं तर पाटलाचं! हे चालणार नाही, असं तिनं पहिल्याच दिवशी ठरवलं. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, तुले समजते तसं कर, पण मी हाव तोवर लोकांले सापडलं पायजे. झालं. तिनं मालकांची नावं धुऊन काढली आणि गाण्यांप्रमाणे कप्पे पाडले. माहेरची गाणी, मुऱ्हाळ्याची गाणी, सासरची, पावसाची, थट्टेची. प्रत्येक कप्प्याला स्वच्छ पत्ता, प्रत्येक पानावर दोन ओळी माहिती. येणाऱ्याला वाट कळावी आणि सर्च इंजिनालाही कळावी, असं सगळं. काम देखणं झालं होतं, त्यात वाद नाही.

घोळ झाला तो पुढे. एकच गाणं दहा शेतांत गायलेलं. मुऱ्हाळी भाऊ बहिणीला न्यायला येतो ते गाणं तर प्रत्येक गावात, प्रत्येक वर्षी. एकसारखी पानं खूप असली की शोधणारं यंत्र गोंधळतं, कुठलं पुढे करावं ते त्याला कळत नाही, आणि मग ते कुठलंच पुढे करत नाही. हे हर्षा नागपूरच्या कंपनीत शिकून आली होती आणि ते खरंही आहे. वर वेबसाइटची जागा पार भरलेली, नवं काही चढेना. तेव्हा तिनं प्रत्येक गाण्याचा एकच नमुना ठेवायचा ठरवला, सगळ्यात स्वच्छ असेल तो. बाकीचे काढले. काढून कचऱ्याची पेटीही रिकामी केली, कारण जागा हवी होती.

आणि स्वच्छ कुठला ते तिनं ऐकून नाही ठरवलं. इतकं ऐकत कोण बसतं? पडद्यावर आवाजाची रेघ दिसते, वरखाली होणारी. रेघ सारखी असली की आवाज नितळ. मध्येच उंच काटे उभे राहिले की वारा, बैल, पोरं, काहीतरी कचरा. सपाट असली की शांतता, ती कापायची, कारण लोक थांबत नाहीत. असं रेघांकडे बघत बघत ती प्रत्येकापुढे शेरा टाकत गेली होती. भैय्यालाल पाटलाच्या बांधीतल्या रेकॉर्डिंगपुढे काय टाकलं ते तिला आता लख्ख आठवलं. गाण्याची रेघ सरळ होती, संपल्यावर मात्र मोठ्ठा काटा. तिनं लिहिलं होतं, 'शेवटी आरडाओरडा', आणि काढून टाकलं होतं.

दुसरंही एक आठवलं आणि तिला स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावंसं वाटलं. जुनं पान हलवलं की जुन्या पत्त्यावर पाटी ठेवायची असते, येणाऱ्याला आपोआप नव्या पानावर नेणारी. ते काम तिनं नंतरवर टाकलं होतं. या गचाळ जुन्या पत्त्यांवर येतंय कोण, म्हणून तिनं आकडे पाहिले होते. खरंच कुणी येत नव्हतं. फक्त त्या एका पानावर रोज सकाळी, न चुकता, एका ठिकाणाहून कुणीतरी यायचं. इतक्या नेमानं माणूस येत नाही, हे कुठलंतरी भटकं यंत्र असणार, असं समजून तिनं ते सोडून दिलं होतं.

त्या दुपारपासून तिच्या जिवाला चैन नाही. आधी होस्टिंगवाल्यांना गाठलं. ते फार गोड बोलले. बॅकअप ते थोडेच दिवस ठेवतात आणि तिचे ते दिवस केव्हाच उलटून गेले होते. मग धर्मेंद्र. मूळ फाइल लॅपटॉपवर असेल ना, असं तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, तो लॅपटॉप कधीच भंगारात गेला, मी तर कॅसेट वाजवायचो आणि तिथूनच चढवायचो. का गं, काही उडालं का? नाही नाही, म्हणाली. थापेवर थाप चढत चालली होती आणि ती चढवताना आता तिची जीभही अडखळत नव्हती, याचीच तिला जास्त भीती वाटली.

मग पवनीतच गुरुजींच्या घरी गेली. कॅसेटी हव्यात, एकदा पाहायच्यात, म्हणाली. गुरुजींना आता कमी ऐकू येतं, तरी त्यांना आनंद झाला. त्यांनी तिला मागच्या खोलीत नेलं आणि कपाटाचा खालचा खण ओढला. वैनगंगेला महापूर आला त्या वर्षी पाणी या खोलीत कमरेइतकं चढलं होतं. खणात कॅसेटींचे खोके होते, पण फुगलेले, एकमेकांना चिकटलेले, आतली फीत बुरशीनं पांढरी. गुरुजी म्हणाले, टाकवत नाहीत म्हणून ठेवल्या. मले वाटलं आता सगळं तिथं चढलंच हाये, म्हणून मी यायच्याकडे पाहिलं नाही. तू चांगलं केलं बाई, सगळं नीट लावलं. हर्षा हो हो म्हणत पायऱ्या उतरली आणि घरापर्यंत गाडी कशी आली ते तिला आठवेना.

त्याच संध्याकाळी संघपालचा फोन. तो नागपूरला नोकरीला असतो. येत्या रविवारी मामीला जाऊन वर्ष होत होतं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम एकोडीला घरीच ठेवला होता, भंतेजी येणार होते, आणि त्यानं एक मोठा स्पीकर सांगून ठेवला होता. वंदना झाली की आईचा आवाज लावायचा, म्हणाला. फोटोसमोर. आईचे फोटो दोन-चार आहेत, पण आवाज तेवढाच एक. बाबा म्हणतात वेबसाइटचं तुझ्याकडे काम चालू आहे, तर रविवारपर्यंत होईल ना? होईल, म्हणाली हर्षा. तोंडातून निघून गेलं.

आवाज तेवढाच एक. ते वाक्य तिच्या डोक्यात घुमत राहिलं. या मामीनं तिला लहानपणी उन्हाळाभर सांभाळलं होतं. हर्षाला मोहफुलांचा वास सहन व्हायचा नाही म्हणून मामी ती वेचून आणली की अंगणाच्या पार टोकाला वाळत घालायची. आणि त्या मामीच्या गाण्यापुढे हिनं कचरा म्हणून शेरा मारला. ऐकलं असतं तर ओळखलं असतं की! एकदा, नुसतं एकदा बटण दाबलं असतं तर.

आता इथे हर्षानं जे केलं ते मला अजिबात आवडलं नाही, पण सांगायला तर हवंच. मुऱ्हाळ्याच्या गाण्याचा जो स्वच्छ नमुना तिनं ठेवला होता, तो दुसऱ्या कुठल्यातरी बांधीतला, बायाही बहुतेक दुसऱ्याच. तिनं मामांच्या जुन्या पत्त्यावर पाटी लावली आणि ती त्या नमुन्याकडे वळवली. गाणं तेच आहे. दहा बाया एकदम गातात, त्यात कोण कुणाला ओळखणार? मोबाईलचा आवाज तो काय, आणि मामांचं वय झालेलं. असं सगळं तिनं स्वतःला समजावलं आणि मामांना फोन करून सांगितलं की आता लावून बघा.

थोड्या वेळानं मामांचा फोन आला. "लागलं वं," म्हणाले. "पण हे तिचं नोहे. गाणं तेच हाये, पण हे दुसऱ्याच बायायचं हाये. तुह्याकडून मागंपुढं झालं असन, पाहाय."

रागावले असते तर बरं झालं असतं. ते तिलाच समजून घेत होते, आणि ते तिला सोसेना. पाहते मामा, एवढंच ती कसंबसं बोलली.

शनिवारी ती आईबरोबर पवनीहून एसटीनं निघाली. मंगलाबाई मामांची सख्खी बहीण, तिला आदल्या दिवशी जाऊन खिरीचं नि पत्रावळींचं बघायचं होतं. सकाळच्या उन्हात दोन्ही बाजूंना बांध्या पाण्यानं भरलेल्या, कुठे चिखलणी चाललेली, कुठे पऱ्ह्यांचे, धानाच्या रोपांचे, हिरवे तुकडे उपटायला तयार. बाया वाकलेल्या होत्या, पण गाण्याचा आवाज काही बसमध्ये येत नव्हता. आता बरेचदा धुऱ्यावर कुणाचा तरी मोबाईलच वाजत असतो. लाखांदूर मागे पडलं आणि हर्षानं आईला सगळं सांगून टाकलं. मंगलाबाईनं पुढच्या सीटचा दांडा धरून ठेवला होता. साकोलीला उतरताना तेवढं म्हणाली, भाऊले तूच सांगजो, मले सांगायले लावू नको.

मामा अंगणात दोऱ्या वळत बसले होते. संघपाल स्पीकर आणायला साकोलीला गेला होता. हर्षा त्यांच्यासमोर खाली जमिनीवरच बसली. तिनं सगळं तोंडपाठ करून आणलं होतं, जागा भरली होती, एकसारखी पानं चालत नाहीत वगैरे, पण त्यातलं काहीच तोंडून निघालं नाही.

"मामा, मामीचं गाणं मी पुसून टाकलं," ती म्हणाली. "चुकून. परत आणायचे सगळे उपाय केले. ते आता नाही."

मामांचे हात थांबले नाहीत. दोरी वळत राहिली. "कुठंच नाही?"

"कुठंच नाही. परवा लागलं ते दुसरं होतं. तुम्हाला कळणार नाही असं वाटलं मला." आणि मग ती रडायला लागली, लहान पोरीसारखी, नाक ओढत.

मामा उठले. गोठ्याकडे गेले, शेळीसमोर पाला टाकला, जो आधीच तिच्यासमोर होता, आणि तिकडे तोंड करून उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. ते हर्षाच्या शेजारी बसले आणि तिच्याकडे न पाहता बोलले.

"मी गाणं नोहतो ऐकत वं. गाणं त शकुनबाई सांगे, तुही मामी मांगून ओढे. गाण्यात तिचा आवाज मलेही नीट ओळखू नाही येत. मी शेवटचं ऐकत होतो."

मग त्यांनी सांगितलं. रोवण्यात बाया रोवत मागे सरकतात आणि माणसं पऱ्ह्याच्या पेंड्या आणून त्यांच्या मागे टाकतात. पेंडी संपली की हात रिकामा. भैय्यालालच्या बांधीत मामा पेंडीवाले होते आणि बिडी ओढायला धुऱ्यावर टेकले होते. गाणं संपलं, मामीच्या हातातली पेंडीही संपली. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नाही, म्हणून ती नुसतीच ओरडली. अवो, पेंडी आणा ना, हात रिकामे हायेत! साऱ्या बाया हसल्या. गुरुजींचं मशीन तेव्हा बंद व्हायचं होतं, त्यात ते सापडलं.

"जनमभर तिच्या शिव्या खाल्ल्या," मामा म्हणाले. "त्यातली एवढीच राहिली होती."

हर्षाला तो उंच काटा डोळ्यांसमोर दिसला. तिला पाटलाचं नाव खुपलं होतं, आणि ते खुपायलाच हवं होतं. पण ते काढून तिनं तिथे काय लावलं, तर गाण्याचं नाव. मामीचं नाव आधीही नव्हतं आणि आताही नाही. पाटलाच्या नावानं निदान मामांना वाट सापडत होती, कारण त्या दिवशी आपण कुणाच्या शेतात होतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हिनं साऱ्या जगाला वाट दाखवली आणि ज्यांची गाणी त्यांचीच वाट मोडली. हे तिला अंगणात बसल्या बसल्या उमगलं, आणि त्यानं रडू थांबण्याऐवजी वाढलंच.

संघपाल आला तो स्पीकर गाडीवर बांधून. त्याला कळलं तेव्हा त्यानं मामांसारखं समजून वगैरे काही घेतलं नाही. तुले दुसऱ्याचंच पुसायले भेटलं नाही का, एवढंच तो म्हणाला आणि स्पीकर ओसरीत ठेवून बाहेर निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो तिच्याशी बोलला नाही. तिनंही बोलायचा प्रयत्न केला नाही. जे तोंडावर यायला हवं होतं ते आलं होतं, आणि खोटं सांगायची आता गरज उरली नव्हती, हाच काय तो दिलासा.

रविवारी अंगणात मांडव घातला होता. पांढऱ्या कापडावर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, बाजूला मामीचा फोटो, तोही कुठल्यातरी लग्नातला, कापून मोठा केलेला. त्रिशरण, पंचशील झालं. भंतेजी दोन शब्द बोलले. मामी ज्यांच्याबरोबर रोवायला जायची त्या सगळ्या बाया आल्या होत्या, त्या दिवसापुरतं कामावर न जाता, पांढरी लुगडी नेसून. शकुनबाई पुढे बसली होती. ती आता बरीच थकली आहे, पण गाणं तिनंच सांगायचं अशी तिथली पद्धत अजून आहे. आणि ओसरीत तो मुका स्पीकर सगळ्यांना दिसत होता.

गोदावरीचा आवाज लावणार होते ना, असं शकुनबाईनं विचारलं. गोदावरी म्हणजे मामी. संघपाल खाली मान घालून वायर गुंडाळायला लागला. हर्षा उठली आणि सगळ्यांसमोर म्हणाली की तो आवाज माझ्या हातून पुसला गेला, आता तो नाही. मांडवात कुजबुज झाली. कुणीतरी हळहळलं. एक म्हातारी म्हणाली, मंग त्यात आम्हीही होतो, आम्हीही पुसल्या का?

शकुनबाईनं पदर खोचला. मशीन नाही तर नाही, आमचे गळे त हायेत, म्हणाली, आणि बसल्या जागी तिनं मुऱ्हाळ्याचं गाणं सुरू केलं. पहिली ओळ फाटक्या आवाजात निघाली. मग मागच्या बायांनी ती उचलली. पुण्यानुमोदनात रोवण्याचं गाणं कुणी म्हणत नाही, पण भंतेजीही काही बोलले नाहीत. बायांचे हात आपोआप हलत होते, डाव्यातून काडी घेऊन उजव्यानं खाली दाबल्यासारखे. मंगलाबाईही त्यांच्यात जाऊन बसली आणि ओढायला लागली. हर्षानं मोबाईल काढला आणि रेकॉर्डिंग चालू केलं.

गाणं संपलं. आणि कुणी काही ठरवलं नव्हतं, पण सगळ्या बाया एकदम गप्प झाल्या. इथे काय यायचं ते त्यांना माहीत होतं. त्यांनी ते जन्मभर ऐकलं होतं, प्रत्येक बांधीत, प्रत्येक पेंडीला. त्या जागेवर आज नुसती शांतता होती. हर्षाचं बोट बटणाजवळ गेलं होतं, ते तिनं मागे घेतलं.

मामा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला, जोर लावला, आणि उठून उभे राहिले. कुणी हाक मारली नव्हती. दोन पावलं ते फोटोच्या दिशेनं पुढे आले, मग भानावर येऊन थांबले.

"आणून राहिलो ना," म्हणाले.

बाया रडल्या. संघपालनं वायर खाली टाकली आणि बापाला धरलं.

त्याच दुपारी, जेवणावळ उठल्यावर, हर्षा ओसरीत बसून एकेका बाईला नाव विचारत होती, पूर्ण नाव, गाव, माहेर. मांडवात तिला प्रश्न विचारणाऱ्या म्हातारीनं आधी आपलंच नाव घ्यायला लावलं. पवनीला परतल्यावर तिनं वेबसाइट पुन्हा उघडली आणि नवा कप्पा काढला, गाणाऱ्या बायांच्या नावांचा. उरलेल्या शेकडो रेकॉर्डिंगमधल्या बायांची नावं शोधायची म्हणजे गावोगाव फिरणं आलं. गुरुजींना सगळं खरं सांगून त्यांच्याकडून वाटा विचारून घेणं आलं, आणि त्याची तिला अजून भीती वाटत होती. पण पहिलं पान तयार झालं. वर नाव आलं, गोदावरीबाई गुलाब रामटेके, एकोडी. मामांच्या मोबाईलवरचा जुना पत्ता तिनं त्या पानाकडे वळवला.

चढवण्याआधी तिनं रेकॉर्डिंग पूर्ण ऐकलं. पडद्यावर गाण्याची रेघ चालत गेली, मग लांबच लांब सपाट झाली, आणि अगदी शेवटी एक लहानसा काटा आला. तो सपाट भाग तिनं कापला नाही.